गोळी बदलली आणि शुगर वाढली

पत्र :
मी सिडकोत राहते, वय ५९. आमचे हे नोट प्रेसमधून रिटायर झाले. त्यांना बीपी आणि शुगर, मला थायरॉइड. दोघांच्या औषधांना महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास लागायचे. मुलाच्या सांगण्यावरून तीन महिन्यांपूर्वी जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागलो, आता नऊशेत भागतं. पण ह्यांची उपाशीपोटीची शुगर १२५ ची १६० झाली. थायरॉइडच्या रक्ततपासणीतला माझा टीएसएच ३ होता, तो ७.८ आला. बीपी मात्र ठीक आहे. ह्यांनी शुगरची जुनी आणि नवी गोळी दोन पेल्यांत टाकून पाहिली. जुनी निदान वरून सुटली, नवी तासाभराने नुसती फुगून बसलेली. एकदा शौचातही गोळीसारखं काही दिसलं. शेजारच्या वहिनी म्हणतात, जेनेरिक म्हणजे डुप्लिकेटच. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "घ्या, पण मग मला विचारू नका." सिन्नरचा माझा भाऊ फिटसाठी फेनिटॉइन घेतो, तोही म्हणतोय, माझ्या गोळ्या तिथूनच आण. आठवड्याच्या सगळ्या गोळ्या मी खणाच्या डबीत काढून ठेवते, तेव्हा पाकिटं हाताशी होती, म्हणून जुन्या-नव्या दोन्हींवरची नावं उतरवून पाठवते आहे. शरीरात दोन्ही सारखीच वागतात का, एवढं खरं सांगा.
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर :

ताई, नावं उतरवून पाठवलीत हे फार बरं केलंत. तुमच्या जुन्या पाकिटावर मेटफॉर्मिन ५०० एसआर (म्हणजे हळू सुटणारं) आणि ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आहे. नव्यावर मेटफॉर्मिन तेवढंच, एसआरही आहे, पण ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम. म्हणजे तीन महिने तुमचे यजमान त्यातल्या एका औषधाचा निम्मा डोस घेत आहेत. शुगर १२५ ची १६० व्हायला बहुधा एवढंच कारण पुरे आहे. जेनेरिक चांगलं की वाईट हा प्रश्न या आकड्यापुरता अजून सुरूच झालेला नाही.

हे होतं कसं, तेही सांगतो. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असतं आणि त्यापुढे एखादं अक्षर किंवा आकडा. त्यावरून आत कोणती दोन औषधं आहेत आणि कोणतं किती मिलिग्रॅम, हे काउंटरवरच्या माणसाने ओळखायचं. मागे रांग असते, एक मिलिग्रॅमचं पाकीट समोर असतं, दोनचं संपलेलं असतं. चूक कुणाची ते शोधत बसू नका. आज-उद्या दोन्ही पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि हे वाचून घरच्या घरी दोन गोळ्या सुरू करू नका. त्याने ग्लिमेपिराइड दोन होईल खरं, पण मेटफॉर्मिनही दुप्पट होईल. ग्लिमेपिराइडने शुगर एकदम खाली येऊ शकते: घाम, थरथर, कडकडून भूक. डोस वाढवायचा तो डॉक्टरांनीच.

आता मूळ प्रश्न. तुमची जुनी, "कंपनीची" गोळीही जवळजवळ नक्कीच जेनेरिकच होती, म्हणजे मूळ शोधक कंपनीची नव्हे, दुसऱ्या कंपनीने बनवलेली. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट मिळणं बंद झालं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळायचं. रेणूवरचं पेटंट पुन्हा आलं ते १ जानेवारी २००५ पासून. मधल्या तीसेक वर्षांत आपल्या कंपन्यांनी जगभरची औषधं स्वतःच्या पद्धतीने बनवली आणि प्रत्येकीने आपापलं नाव दिलं. मेटफॉर्मिन तर १९५७ पासून माणसांना दिलं जातं, त्याच्यावर आज कुणाची मालकी असण्याचा प्रश्नच नाही. तेव्हा तुमच्या घरी झालेली तुलना खरी विरुद्ध नकली अशी नव्हती. नाव असलेलं जेनेरिक आणि नाव नसलेलं जेनेरिक, अशी ती होती. परदेशात याच विषयावर चर्चा होते तेव्हा मूळ शोधक कंपनीची गोळी एका बाजूला असते. आपल्या मेडिकलमध्ये ती क्वचितच असते. हा फरक लक्षात न घेता परदेशी लेख इकडे फिरवले जातात आणि माणसं घाबरतात.

शरीरात काय होतं? गोळी पोटात जाऊन फुटते, तिच्यातलं औषध विरघळतं, आतड्याच्या भिंतीतून आत शिरतं, यकृतातून पार होतं आणि रक्तात येतं. गोळी कुणी आणि कशी बनवली याला महत्त्व आहे ते इथवरच. किती घट्ट दाबली, कोणती पावडर भरीला घातली, कोणतं आवरण दिलं, औषधाचे कण किती बारीक दळले, यावर ते किती आणि किती वेगाने विरघळणार हे ठरतं. एकदा रक्तात आलं की रेणू तोच. किडनी त्याला त्याच वेगाने बाहेर टाकते, स्वादुपिंडावर त्याचा तोच परिणाम होतो. म्हणून दोन गोळ्या शरीरात सारख्या वागतात का, हे पाहायचं तर रक्तात औषध कसं चढतं आणि कसं उतरतं ते मोजायचं.

गोदावरीला पूर आला की आपण नाशिककर दोन गोष्टी विचारतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी चढलं, आणि गंगापूर धरणातून एकूण सोडलं किती. औषधाच्या चाचणीतही हेच दोन आकडे: रक्तातलं प्रमाण जास्तीत जास्त किती वर गेलं, आणि सगळा वेळ धरून एकूण किती औषध रक्तात आलं. चोवीस, छत्तीस अशा निरोगी माणसांना एकदा ही गोळी देतात, मध्ये काही दिवस जाऊ देतात, मग ती दुसरी देतात. दर वेळी कित्येकदा रक्त घेतात. प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच होते, कारण तुमचं आतडं आणि माझं आतडं यांतला फरक दोन गोळ्यांतल्या फरकापेक्षा मोठा असतो.

इथे "८० ते १२५ टक्के" हा आकडा येतो आणि त्याने जितका घोळ घातला आहे तितका दुसऱ्या कशाने घातला नसेल. भलेभले सांगतात की जेनेरिकमध्ये औषध वीस टक्के कमी चालतं. तसं नाही. गोळीत औषध किती असावं याचं बंधन वेगळं आहे. ते फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या निकषांच्या ग्रंथात, दिलेलं असतं आणि बहुतेक गोळ्यांना साधारण ९० ते ११० टक्क्यांच्या आत, काहींना त्याहून काटेकोर असतं. नाव असो वा नसो. ८० ते १२५ हे रक्तातल्या त्या दोन आकड्यांच्या गुणोत्तरासाठी आहे. तेही नुसत्या सरासरीला नाही. सरासरीच्या दोन्ही बाजूंना अंदाजातल्या चुकीचा जो पट्टा धरतात, तो अख्खा पट्टा या हद्दीत बसावा लागतो. सरासरी ८५ आली तर पट्ट्याचं एक टोक सहसा ८० च्या खाली जातं आणि गोळी नापास होते. पास व्हायचं तर शंभराच्या आसपासच राहावं लागतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, एफडीएने, १९९६ ते २००७ या काळातल्या २,०७० चाचण्या एकत्र पाहिल्या. एकूण औषधात सरासरी फरक निघाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, कमाल पातळीत सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. जेवून घेतलेली गोळी आणि उपाशीपोटी घेतलेली गोळी यांत पुष्कळ औषधांचा याहून मोठा फरक पडतो.

रक्तातल्या आकड्यांवर समाधान होत नसेल तर आजारावरचा परिणाम बघा. २००८ साली अमेरिकेत हृदयविकार आणि बीपीच्या औषधांवरचे ४७ अभ्यास गोळा करून तपासले गेले. नामांकित गोळी सरस असल्याचा पुरावा त्यांत सापडला नाही. गंमत पुढेच आहे. त्याच संशोधकांनी वैद्यकीय नियतकालिकांतले संपादकीय लेखही मोजले, तर ४३ पैकी २३ लेखांत जेनेरिकवर बदलण्याबद्दल नाराजीचा सूर होता. पुरावा एकीकडे आणि मत दुसरीकडे, हे फक्त सिडकोतल्या वहिनींचं नाही.

मग सगळं आलबेल आहे का? नाही. शंका घेणारे वेडे नव्हते. १९७१ साली अमेरिकेत हृदयाच्या डिगॉक्सिन गोळीच्या वेगवेगळ्या उत्पादनांची तुलना झाली, तेव्हा रक्तातल्या पातळीत सातपटीपर्यंत फरक आढळला. लेबलवर डोस एकच. अशा अनुभवांमुळेच नुसतं "औषध तेवढंच आहे" एवढ्यावर न थांबता रक्त तपासायची पद्धत पडली. त्यानंतरही, २०१२ साली, अमेरिकेच्याच एफडीएने नैराश्यावरच्या ब्युप्रोपिऑनच्या ३०० मिलिग्रॅमच्या एका हळू सुटणाऱ्या जेनेरिक गोळीला समान मानणं बंद केलं. तिला परवानगी मिळाली होती ती १५० मिलिग्रॅमच्या गोळीच्या चाचणीवरून, ३०० वर प्रत्यक्ष चाचणी झालीच नव्हती. रुग्ण तक्रारी करत होते, त्यांना बरीच वर्षं मनाचे खेळ म्हणून बाजूला सारलं गेलं. शेवटी चाचणी केली आणि रुग्ण बरोबर निघाले.

आपल्याकडची कच्ची बाजूही सांगायला हवी. औषध बनवायचा परवाना राज्य देतं, आणि चार वर्षांहून जुन्या औषधांसाठी ही रक्ताची चाचणी दाखवल्याशिवायही परवाने मिळत होते. पाण्यात कमी विरघळणाऱ्या औषधांच्या पोटात घ्यायच्या गोळ्यांसाठी ती सक्तीची झाली एप्रिल २०१७ मध्ये. हे दुबळेपण बिननावाच्या गोळीचं एकटीचं नाही. चकचकीत पाकिटातल्या, नाव असलेल्या गोळीलाही तोच नियम होता. केंद्रीय औषध नियंत्रक दर महिन्याला दर्जात न बसलेल्या औषधांची यादी काढतात, तीत नाव असलेली आणि नसलेली दोन्ही सापडतात. जनऔषधीचा माल डब्ल्यूएचओच्या उत्पादन निकषांत बसणाऱ्या कारखान्यांकडून घेतला जातो आणि दुकानात येण्याआधी प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते. म्हणून मला ती दुकानं डोळे झाकून नव्हे, पण विश्वासाने घेण्यासारखी वाटतात.

नाशिकच्या औषधबाजारात, गोळे कॉलनीत, मात्र एक तिसराच प्रकार मिळतो, तो ओळखायला शिका. पाकिटावर छापील किंमत ११०, तुम्हाला मिळतं ४० ला, आणि दुकानदार उपकार केल्यासारखा चेहरा करतो. हे व्यापारी जेनेरिक. कंपनी डॉक्टरांकडे एमआर (विक्री प्रतिनिधी) न पाठवता थेट दुकानदाराला स्वस्त देते आणि छापील किंमत चढी ठेवते, मधली मलई त्याची. औषध म्हणून ते वाईट असतंच असं नाही. पण तिथे तुमच्या गोळीची निवड डॉक्टर किंवा तुम्ही करत नसता, ती मार्जिन करतं, आणि पुढच्या महिन्यात मार्जिन दुसऱ्या पाकिटावर जास्त असू शकतं. पक्कं बिल मागा, त्यावर बॅच नंबर आहे का ते पाहा.

डुप्लिकेटचं म्हणाल तर वहिनींना सांगा, नकली औषध बनवणारा भुरटा सहसा खपाच्या, महागड्या नावाची नक्कल करतो. नऊ रुपयांच्या पाकिटाची नक्कल करून त्याला काय मिळणार? १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० नामांकित ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा केला तो नकली मालाला आळा बसावा म्हणूनच. जेनेरिक हा कायदेशीर माल, डुप्लिकेट हा गुन्हा.

आता तुमच्या पेल्यातल्या प्रयोगाकडे येऊ. मला तो आवडला, पण त्याचा निकाल उलटा वाचायचा. एसआर गोळीने पाण्यात झटकन विरघळणं हाच दोष. तिच्यातलं मेटफॉर्मिन एका चिकट, फुगणाऱ्या पदार्थात अडकवलेलं असतं आणि ते तासन्‌तास झिरपत राहायला हवं. जुनी गोळी वरून सुटलेली दिसली तो बहुधा ग्लिमेपिराइडचा थर, तो लवकर सुटावा असाच बनवतात. दोन कंपन्यांचे फुगणारे पदार्थ वेगळे असतात, म्हणून पेल्यातलं रूपही वेगळं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत हीच चाचणी ३७ अंशांना, बहुधा ९०० मिलिलिटर द्रवात, ठरावीक वेगाने फिरणाऱ्या वल्ह्याखाली होते. ठरल्या वेळी त्यातला थेंब काढून औषध किती सुटलं ते मोजतात. तिथे गोळी कशी दिसते याकडे कुणी बघत नाही. शौचात दिसलं तेही असंच. औषध झिरपून गेलं की कधीकधी त्या फुगलेल्या पदार्थाचा रिकामा गोळा तसाच बाहेर पडतो. नामांकित कंपनीच्या एसआर गोळ्यांच्या माहितीपत्रकातही हे लिहिलेलं असतं. काळजी नको. मात्र ही गोळी कधी चावून किंवा अर्धी करून देऊ नका.

मन फसवतं का? फसवतं. १९८१ साली ब्रिटनमध्ये डोकेदुखीसाठी गोळ्या घेणाऱ्या ८३५ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. आत औषध तेच, पण ओळखीच्या नावाच्या पाकिटातल्या गोळीने जास्त आराम पडला. नाव नसलेल्या पाकिटात तेच औषध थोडं कमी पडलं. डोकं दुखणं, गळून जाणं, पोट बिघडणं यांत याचा हिशेब धरावाच लागतो. पण शुगर १६० आणि टीएसएच ७.८ हे मनाचे खेळ नाहीत, आणि कुणी तसं म्हणून तुम्हाला गप्प करू देऊ नका.

तुमच्या थायरॉइडबद्दल मी यजमानांच्या औषधांइतका निश्चिंत नाही. थायरॉक्सिनचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. तुम्ही घेता ते ७५, म्हणजे एका मिलिग्रॅमच्या तेराव्या हिश्श्याएवढं. थोडं इकडेतिकडे झालं की टीएसएच लगेच चुगली करतो. औषध नाजूकही आहे, उष्णता, दमट हवा आणि उजेड त्याला सोसत नाही. अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात एका जेनेरिक थायरॉक्सिनवरून दुसऱ्यावर गेलेल्यांच्या टीएसएचमध्ये दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. पण तिथल्या सगळ्या गोळ्या एकाच कडक चाळणीतून आलेल्या असतात. आपल्याकडे मी तेवढ्या खात्रीने बोलणार नाही.

शिवाय एक गोष्ट ग्राहकांच्या ध्यानात येत नाही. जनऔषधीची खरेदी निविदा काढून होते. पाकिटाचा रंग तोच राहतो, पण बनवणारा कारखाना बदलू शकतो. पाठीमागे बारीक अक्षरांत निर्मात्याचं नाव असतं, ते वाचा. तीन महिन्यांत तुमच्या हाती दोन निरनिराळ्या कारखान्यांच्या गोळ्या आल्या असतील तर नवल नाही. माझं मत विचाराल तर थायरॉइडपुरतं जुन्या गोळीवर परत जा. ती मुळातच महाग नाही, सरकारी किंमत नियंत्रणाखाली आहे, महिन्याकाठी वाचणारे पैसे किरकोळ. साडेतीन हजारांतली बचत या गोळीतून येत नाहीये, ती यजमानांच्या औषधांतून येते आहे.

पण सगळा दोष गोळीवर टाकण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं स्वतःशी द्या. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी नव्याने सुरू केलीत का? त्या थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात. मध्ये चार तास जायला हवेत. दुसरं, गोळी घेतल्यावर चहा किती वेळाने? अर्धा ते एक तास थांबायचं, नुसत्या पाण्यावर. नाशिकच्या थंडीत सकाळी हे जड जातं, कल्पना आहे. थायरॉक्सिन शरीरात निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो, म्हणून बदल केल्यावर पंधरा दिवसांत टीएसएच तपासून काही कळत नाही. सहा ते आठ आठवडे जाऊ द्या. तोवर एकच गोळी, एकच वेळ.

यजमानांची बीपीची गोळी, टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५, बदलूनही बीपी ठीक आहे म्हणता, तर तिथे काहीही करू नका. फक्त डबीचं पाहा. टेल्मिसार्टन हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून घ्यायच्या वेळीच पाकिटातून फोडायचं असतं. पावसाळ्यात घरातलं मीठ ओलं होतं त्या दिवसांत ही गोळी आठवडाभर डबीत उघडी ठेवण्यात अर्थ नाही. पाकिटाची पट्टी कात्रीने कापून, गोळी फोडल्याशिवाय, तसाच तुकडा खणात ठेवा. थायरॉक्सिनलाही हेच. कोलेस्टेरॉलची गोळी, एटोरवास्टेटिन, ठीक आहे. पुढच्या लिपिड तपासणीत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) पाहिलं की झालं.

सिन्नरच्या भावाला मात्र स्पष्ट नाही म्हणा. फेनिटॉइनचा इतिहास वाईट आहे. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अनेक रुग्णांना अचानक चक्कर, झोकांड्या, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं सुरू झालं. औषध तेच, डोस तोच. शोध घेतल्यावर कळलं की कॅप्सूलमध्ये भरीला घालायच्या कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज घातलं गेलं होतं. आधीची भर फेनिटॉइनला थोडं अडकवून ठेवत होती, नवी ठेवत नव्हती, म्हणून जास्त औषध रक्तात जाऊ लागलं. फेनिटॉइनची विल्हेवाट लावायची यकृताची क्षमता लवकर संपते. त्यानंतर डोस जरासा वाढला तरी रक्तातली पातळी उडी मारते. उलट ती खाली गेली तर फिट येते, आणि माणूस तेव्हा मोटारसायकलवर असू शकतो. भावाला ज्या गोळीने फिट थांबल्या आहेत ती, त्याच कंपनीची, त्याच पाकिटातली राहू द्या, मग ती स्वस्त असो की महाग. हाच सावधपणा रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिन आणि अ‍ॅसिनोकुमेरॉलला, मनोविकारावरच्या लिथियमला आणि किडनी बदलल्यावर द्यायच्या टॅक्रोलिमसला लावायचा. या यादीतलं औषध बदलूच नये असं नाही, पण बदलायचं तर डॉक्टरांना सांगून आणि पाठोपाठ रक्त तपासून. दुकानात सुटे पैसे नाहीत म्हणून वेगळं पाकीट घेतलं, हे इथे चालत नाही.

डॉक्टर "मला विचारू नका" म्हणाले, ते मला पटलं नाही. पण त्यांची अडचणही समजते. कोणत्या दुकानातून काय हाती पडतं यावर त्यांचा ताबा नसतो आणि बिघडलं की बोल त्यांना. तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेचा २०१६ चा नियम सांगतो की औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने हे अधिक कडक करायचं ठरवलं, गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात ते स्थगित केलं. दुसरीकडे औषध नियमांप्रमाणे चिठ्ठीवरच्या शेड्यूल एचच्या (डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या) औषधाऐवजी दुसरं पाकीट द्यायचा अधिकार दुकानदाराला नाही, आत तेच औषध असलं तरी. म्हणजे कागदावर तुमची गोळी बदलायला डॉक्टरांची चिठ्ठीच लागते. ती मिळवा. वाद घालू नका, जुनं आणि नवं पाकीट टेबलावर शेजारी ठेवा, दोन आणि एक मिलिग्रॅमवर बोट ठेवा आणि म्हणा, "डॉक्टर, मला हीच औषधं जनऔषधीतून घ्यायची आहेत, प्रत्येकाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून द्याल का?" एसआर हे शब्दही लिहून घ्या. साधं मेटफॉर्मिन आणि एसआर मेटफॉर्मिन शरीरात वेगवेगळ्या वेगाने सुटतात, एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

डोस नीट झाल्यावर यजमानांची सकाळची शुगर आठवडाभर घरीच तपासून वहीत लिहा, आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, तीन महिन्यांनी करा. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे आज केलेल्या तपासणीत निम्म्या डोसचे हे तीन महिने मिसळलेले दिसतील. डोस बरोबर, पाकीट बरोबर, पथ्य तेच आणि तरीही आकडा चढाच राहिला, तर मात्र मी गोळीवर संशय घेईन. तेव्हा उरलेल्या गोळ्या टाकू नका. बॅच नंबर लिहून ठेवा आणि औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. तक्रार रुग्णाने स्वतः केली तरी चालते, डॉक्टरांची सही लागत नाही.